जुन्या खमिरातून नवी बिअर

दह्याचे चमचाभर विरजण राखून ठेवायचे आणि त्यावरच पुन्हा दही लावायचे, ही रीत आपल्या घराघरांत आहे. बिअर तयार करणारेही शतकानुशतके हेच करीत आले आहेत. एका खेपेचे खमीर ते पुढच्या खेपेला वापरतात. या पद्धतीमागील शास्त्र व तिची पथ्ये आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत.

बव्हेरियातील १५१६ च्या प्रसिद्ध कायद्याने बिअरसाठी सातू, हॉप्स आणि पाणी एवढेच घटक ठरवून दिले. त्यात खमिराचा उल्लेख नाही. खमीर हा सजीव आहे, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. लुई पाश्चर यांनी १८७६ साली बिअरवरील ग्रंथात नासाडीचे कारण उलगडले : खमिरात परके जंतू शिरले की बिअर बिघडते. पुढे १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध खमीर वाढविले. ते कार्ल्सबर्गने इतरांनाही मुक्तहस्ते दिले. अशी देवघेव मठांतही आढळते. बेल्जियममधील वेस्टव्लेटरेन येथील ट्रॅपिस्ट संन्यासी आपल्या बिअरसाठी वेस्टमाले येथील मठाचे खमीर वापरतात.

घरगुती बिअरची पद्धत अशी. आंबण्याची क्रिया संपली की खमीर भांड्याच्या तळाशी बसते. वरची बिअर काढून घ्यावी, पण थोडी तळाशी राहू द्यावी. तिच्यातील आम्लता व मद्यार्क खमिराचे रक्षण करतात. म्हणून पाण्याने धुण्यापेक्षा ते तसेच ठेवणे श्रेयस्कर. मग तो गाळ हलवून निर्जंतुक बरणीत ओतावा आणि शीतकपाटात सुमारे ४ अंश सेल्सिअसला ठेवावा. झाकण घट्ट लावू नये. आत साठणाऱ्या वायूने बरणी फुटण्याचा धोका असतो.

खमीर शक्यतो एक-दोन आठवड्यांतच वापरावे. दिवसागणिक त्यातील पेशी मरत जातात. एका खेपेत खमीर कित्येक पटींनी वाढते, त्यामुळे पुढच्या खेपेला सगळा गाळ लागत नाही, त्याचा एक भाग पुरतो. फार कडक किंवा फार कडू बिअरचे खमीर थकलेले असते. ते पुढे वापरू नये. सौम्य बिअरकडून कडक बिअरकडे जाणे हाच योग्य क्रम होय. आंबूस दर्प, बुरशी किंवा विचित्र रंग दिसल्यास खमीर निःसंकोच टाकून द्यावे. वाचविलेल्या एका पुडीपायी वीस लिटर बिअर गमावणे शहाणपणाचे नाही. पिढ्यान्‌पिढ्या खमीर बदलत जाते, परके जंतूही साचत जातात. म्हणून घरी चार-पाच खेपांनंतर ताजे खमीर आणणे इष्ट.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर तयार करणे हा गुन्हा आहे. अमेरिकेत मात्र १९७८ च्या संघराज्य कायद्याने स्वतःपुरती घरगुती बिअर करमुक्त ठरविली. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या बांधवांनी तेथील नियम पाहूनच हा प्रयोग करावा आणि पिण्यात संयम राखावा.