शेजारी बसणारे सर

भोर-वेल्ह्यातल्या प्राध्यापकांच्या संशोधन प्रस्तावांचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात देवरायांपासून, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानांपासून करावी लागते. 1971 साली हार्वर्डहून परतलेले माधव गाडगीळ पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीत काम करू लागले आणि वनस्पतितज्ज्ञ वा. द. वर्तक यांच्याबरोबर त्यांनी सह्याद्रीतल्या देवराया धुंडाळल्या. एकाला झाडं आणि गावं तोंडपाठ, दुसऱ्याला प्रश्न मांडण्याची नवी पद्धत अवगत. या जोडीतून 1970च्या दशकात निघालेले निबंध आजही या भागातल्या जवळजवळ प्रत्येक प्रस्तावाच्या संदर्भसूचीत असतात. पुढे नव्वदच्या दशकात गाडगीळांनी पश्चिम घाट जैवविविधता जाळं उभारलं आणि पदवी महाविद्यालयांतल्या शिक्षकांना त्यात सहकारी म्हणून घेतलं. मोठ्या संस्थेतला माणूस तालुक्याच्या शिक्षकाला केवळ नमुने गोळा करणारा समजत नाही, हे तेव्हा दिसलं.

खरी धांदल मात्र 2010 नंतर उडाली. युजीसीच्या त्या वर्षीच्या नियमांनी शिक्षकाची कामगिरी मोजणारे एपीआयचे गुण आले, बढतीसाठी प्रकल्पाला भाव आला. बाराव्या पंचवार्षिक योजनेत युजीसीच्या मायनर रिसर्च प्रोजेक्टची मर्यादा विज्ञानाला 5 लाख आणि मानव्यविद्यांना 3 लाख होती. पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळाची, म्हणजे बीसीयूडीची, छोटी अनुदानंही होती. गुणांसाठी का होईना, पण ज्यांनी आयुष्यात कधी प्रस्ताव लिहिला नव्हता असे लोक लिहायला बसले. यात वाईट काही नव्हतं, असंच मला वाटतं. अडचण एवढीच, की लिहायचं कसं हे कुणी शिकवलेलं नव्हतं. पीएच.डी. करताना माणूस प्रबंध लिहायला शिकतो; न झालेल्या कामासाठी पैसे मागायला शिकत नाही.

ते शिकवलं आधी प्रकल्प पूर्ण केलेल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी. कुठला आदेश नव्हता, मानधन नव्हतं. चार वाजता प्रॅक्टिकल संपलं की स्टाफरूममध्ये सर शेजारी बसायचे.

तेव्हाचा एका प्राध्यापक बाईंचा प्रस्ताव माझ्या चांगला लक्षात आहे. शीर्षक होतं ‘भोर व वेल्हे तालुक्यांतील वनस्पतींची विविधता’. सरांनी विचारलं, “किती गावं? कुठल्या महिन्यात जाणार? आषाढात ओढे भरले की पलीकडे कशी जाशील?” तासाभरात दोन तालुक्यांच्या पाच देवराया झाल्या आणि सगळ्या वनस्पतींऐवजी गारंबीसारख्या मोठ्या वेलींपुरता प्रश्न उरला. मग बजेट. कॅमेरा खोडला, कारण विभागात एक होता. त्याजागी जीपचं भाडं आलं आणि वाट दाखवणाऱ्या गावकऱ्याची मजुरी. ‘हे पैसे आत्ताच लिही, नाहीतर मागाहून खिशातून देशील आणि युटिलायझेशन सर्टिफिकेटमध्ये दाखवता येणार नाहीत’, हे सरांचं वाक्य कुठल्याही मार्गदर्शक पुस्तिकेत सापडणार नाही. उद्दिष्टं सातवरून तीनवर आली. तिसरं उद्दिष्ट गावाला काय परत देणार याबद्दल होतं. ते बाईंनी स्वतःच सुचवलं आणि सरांनी त्याला हातही लावला नाही.

माझ्या लेखी या सगळ्याचं मर्म तिथेच आहे. चांगला मार्गदर्शक प्रस्ताव लिहून देत नाही. लिहून दिलेले प्रस्तावही मी पाहिले आहेत. तज्ज्ञांपुढे सादरीकरणाला उभं राहिल्यावर पहिल्याच प्रश्नाला माणूस अडतो.

2017 साल उजाडलं आणि हा सगळा डोलारा हलला. बारावी योजना मार्चमध्ये संपली, तिच्याबरोबर मायनर प्रोजेक्टही. त्याच महिन्यात नवा विद्यापीठ कायदा लागू झाला आणि बीसीयूडी गेली. मायनर प्रोजेक्ट बंद पडणं मला आजही मोठं नुकसान वाटतं. लाख-दोन लाखांत हिशेब ठेवणं, अहवाल वेळेवर देणं, चुका करून सावरणं जमत होतं. ती पहिली पायरीच निघाली.

त्यानंतर पुणे विद्यापीठाने ‘अस्पायर’मधून संशोधन-मार्गदर्शनासाठी वेगळं अनुदान दिलं. इतकी वर्षं स्टाफरूममध्ये फुकट चाललेल्या कामाला त्यात नाव मिळालं, याचं मला मनापासून समाधान आहे. केंद्राच्या टेअर योजनेमुळे महाविद्यालयातल्या शिक्षकाला मोठ्या संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करता येऊ लागलं. अलीकडे राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानच्या ‘पेअर’मध्ये बलाढ्य संस्थेने इतरांना हात द्यायचा, अशी रचना आहे. पण पहिल्या टप्प्यात तो हात विद्यापीठं आणि काही तंत्रशिक्षण संस्थांपर्यंतच पोचतो. भोर किंवा विंझरचं महाविद्यालय त्याच्या बाहेरच राहतं.

आणि प्रश्न तर इथेच पडलेले आहेत. भाटघर आणि नीरा-देवघरच्या पाण्याखाली गेलेल्या जमिनी, पानशेतच्या खोऱ्यातली विस्थापित गावं, राब भाजून होणारी भातलावणी, कातकरी वस्त्यांतली शाळागळती. यातल्या कशालाही महागडं यंत्र लागत नाही. दर पंधरवड्याला एक दुपार शेजारी बसणारा अनुभवी माणूस लागतो. त्याच्या वर्कलोडच्या तक्त्यात त्या दुपारचे दोन तास धरले जावेत, एवढी मागणी प्राचार्यांकडे आणि विद्यापीठाकडे आता लेखी करायला हवी.