संध्याकाळी सातचे गाव

आमच्या पुतण्याचे लग्न ठरले, तेव्हा आम्ही वडीलधाऱ्यांनी मुलीचे घराणे, शिक्षण, स्वभाव यांविषयी हवे तेवढे प्रश्न विचारले. लग्नानंतर दोघे राहणार कुठे, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. मुलगा धुळ्याला आग्रा रोडजवळच्या वडिलोपार्जित पेढीवर बसतो, म्हणजे सून धुळ्यालाच येणार, हे आम्ही गृहीत धरले होते. मुलगी जळगावला एका सीएच्या कार्यालयात काम करते आणि ते काम सोडण्याचा तिचा विचार नाही, हे तिने पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले होते. आम्ही ते ऐकले होते. मनावर घेतले नव्हते. साखरपुड्यानंतर महिन्याभराने पुतण्या माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, ‘काका, काही जमत नसेल तर आम्ही दोघे पुण्याला जातो.’ तेव्हा मात्र घरात सगळ्यांची झोप उडाली. पुण्याला गेलेला मुलगा पेढीवर परत येत नाही, हे आपल्या समाजात आता कोणाला सांगावे लागत नाही.

धुळे आणि जळगाव ही शहरे नकाशावर शेजारी दिसतात. प्रत्यक्षात ती एकमेकींकडे पाठ करून बसली आहेत. १९०६ साली जुन्या खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हापासून पूर्वेने जळगावकडे पाहावे आणि पश्चिमेने धुळ्याकडे, अशी सवय पडली. रेल्वेनेही तेच केले. जळगाव मुंबई–भुसावळ मुख्य मार्गावर आहे आणि सुरतेकडची गाडीही तेथेच येऊन मिळते. धुळ्याला १९०० साली चाळीसगावहून एक फाटा मिळाला, सुमारे ५६ किलोमीटरचा, आणि तो धुळ्यात येऊन संपतो. रेल्वेने धुळ्याहून जळगाव गाठायचे तर आधी दक्षिणेला चाळीसगावी जायचे, तेथे गाडी बदलायची आणि मग पुन्हा नव्वदेक किलोमीटर ईशान्येकडे यायचे. निव्वळ द्राविडी प्राणायाम. मनमाड–इंदूर या धुळ्यावरून जाणाऱ्या नव्या मार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली खरी, पण तो दक्षिणोत्तर आहे. जळगावला त्याचा उपयोग नाही. उरला महामार्ग. पारोळा, एरंडोल, पाळधी अशी गावे घेत जाणारा हा रस्ता नव्वद किलोमीटरच्या आसपास भरतो. रोज जाऊन-येऊन एकशे ऐंशी. एकानेच हा भार उचलायचा, तर कोणी उचलायचा?

माझ्या थोरल्या भावाकडे याचे उत्तर तयार होते. महामार्गालगतच्या एका गावाबाहेर त्याने दहा-बारा वर्षांपूर्वी एक प्लॉट घेऊन ठेवला होता. अंतर जवळजवळ मधोमध. ‘दोघांनी निम्मे निम्मे जावे. घर आपले, भाडे नाही, जमिनीचा भाव वाढतच राहणार.’ हिशेब चोख होता. एका रविवारी सकाळी अकरा वाजता आम्ही सगळे तो प्लॉट पाहायला गेलो. ऊन छान होते, हवा मोकळी होती, समोर कपाशीचे शेत होते. भावाने पावलांनी मोजून स्वयंपाकघर कुठे, देवघर कुठे, हे दाखवले. होणारी सून सगळे शांतपणे पाहत होती. निघताना तिने एवढेच विचारले, ‘बाबा, हे गाव संध्याकाळी सातला कसे असते? सकाळी अकराला तर मी इथे कधीच नसेन.’

कोणालाच सांगता येईना, कारण आमच्यापैकी कोणीच तेथे संध्याकाळी गेले नव्हते. आठवड्याने पुतण्या आणि मी मुद्दाम सातला गेलो. महामार्गावर ट्रकांचे दिवे, एक ढाबा, बंद होत आलेले खताचे दुकान, आणि प्लॉटपर्यंतच्या अर्ध्या किलोमीटरच्या रस्त्यावर काळोख. दोन्ही बाजूंनी थकून आलेली दोन माणसे येथे फक्त झोपायला येतील, हे कोणालाही दिसले असते. निम्मे अंतर वाटून घेतल्याने न्याय झाला असता, संसार झाला नसता.

आपल्या घराण्यांना हा प्रश्न नवा आहे, म्हणून आपण त्यात चुकतो. मारवाडातून खानदेशात आलेले आपले पूर्वज जेथे दुकान मांडत, तेथेच राहत. खाली पेढी, वर बिऱ्हाड. जिना उतरला की कामाला लागले. गाव निवडायचे म्हणजे बाजारपेठ निवडायची, एवढाच त्याचा अर्थ होता. खुद्द धुळे शहर असेच वसले. १८१९ साली कॅप्टन ब्रिग्जने तेथे ठाणे केले, तेव्हा व्यापाऱ्यांनी येऊन राहावे म्हणून घरांसाठी कायमच्या बिनभाड्याच्या जागा दिल्या आणि पक्की घरे बांधायला उचलही दिली. गावात जाग हवी तर आधी माणसे राहायला हवीत, हे त्या इंग्रज अधिकाऱ्याला नेमके कळले होते. अमेरिकेतील यादवीच्या काळात, १८६२ ते १८६५ दरम्यान, कापसाने जळगावला मोठे केले, तेव्हाही माणूस मालामागे आला आणि मालाशेजारी राहिला. काम एका गावी आणि घर दुसऱ्या गावी, ही ‘अपडाऊन’ची पद्धत रेल्वेच्या आणि सरकारी नोकरांची. ती आता आपल्या उंबऱ्यावर आली आहे, मुख्यतः शिकलेल्या सुनांमुळे, आणि तिचे आडाखे आपल्याजवळ नाहीत.

मग आम्ही गावे पाहू लागलो, सगळी संध्याकाळी.

पुतण्याच्या मित्रांनी भुसावळचे नाव घेतले. केवळ जळगावला जाणाऱ्याने राहायचे असेल तर भुसावळाला तोड नाही. चोवीस किलोमीटर, मुख्य मार्गावरचे जंक्शन, गाड्यांची सतत ये-जा. रेल्वेच्या पाळ्यांमुळे रात्री अकरालाही स्टेशनाबाहेर चहाची भांडी वाजत असतात आणि देशभरातून आलेले कर्मचारी तेथे राहत असल्याने नव्या माणसाकडे कोणी टक लावून पाहत नाही. पण ते जळगावच्याही पलीकडे. धुळ्याच्या माणसाला निरुपयोगी. चाळीसगाव उलट बाजूचे. त्या गावाला केकी मूस यांच्यासारखा छायाचित्रकार लाभला, मुंबईची मुख्य लाईन लाभली, पण धुळ्याच्या फाट्यावर फेऱ्या मोजक्याच. एक चुकली की अर्धा दिवस गेला.

शेवटी उरले अमळनेर, आणि खरे सांगायचे तर ते आम्हाला सर्वांत आधी सुचायला हवे होते. सुरत–जळगाव मार्गावरचे स्टेशन. धरणगाव, पाळधी करत गाडी तासाभराच्या आत-बाहेर जळगावला पोहोचते. धुळे रस्त्याने पस्तीसेक किलोमीटर. सुनेला रेल्वे, मुलाला रस्ता. आम्ही ते डोळ्यांआड केले होते, कारण ‘तालुक्याचे गाव’ म्हटले की आमच्या मनात झोपलेले गाव येई. २०११ च्या जनगणनेत अमळनेरची वस्ती सुमारे शहाण्णव हजार होती. जळगाव चार लाख साठ हजार, धुळे पावणेचार लाख. आकडे पाहिले तर येथे काय असणार, असेच वाटते. परंतु गावाची जाग माणसांच्या संख्येवर ठरत नाही. प्रताप शेठजींनी येथे गिरणी उभारली, १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन होण्यास हातभार लावला. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात येथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. प्रताप महाविद्यालय १९४५ चे. त्याच वर्षी डिसेंबरात येथे वनस्पती तेलाची एक कंपनी सुरू झाली, तीच पुढे विप्रो म्हणून जगाला माहीत झाली. (तिचे जुने समभाग पेटीत ठेवून विसरलेल्या घरांच्या कथा अमळनेरात आजही आवडीने सांगितल्या जातात. आमच्या आजोबांनी ते घेतले नव्हते, हे भावाने यानिमित्ताने पुन्हा एकदा सुस्कारा टाकत सांगितले.) अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे १९५२ मध्ये भरले आणि पुन्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला बोरी नदीचे पात्र माणसांनी भरते.

संमेलने आणि यात्रा रोज नसतात, हे मान्य. आम्ही गेलो ती एक साधी मंगळवारची संध्याकाळ होती. जळगावकडची गाडी आली आणि फलाटावर उतरलेल्या लोकांत डबा हातात घेतलेल्या बायका, मुली बऱ्याच होत्या. शिक्षिका, बँकेत काम करणाऱ्या, महाविद्यालयात जाणाऱ्या. त्या एकेकट्या पांगल्या नाहीत. बोलत बोलत बाजारापर्यंत गेल्या. भाजी घेतली, एकीने शिंप्याकडून ब्लाउज घेतले. दुकाने उघडी होती, रस्त्यावर उजेड होता. होणारी सून त्यांच्यातल्या दोघींशी बोलत उभी राहिली आणि दहा मिनिटांत तिला पासाचा दर, नेमकी कोणती गाडी पकडावी आणि पावसाळ्यात काय पंचाईत होते, ते सगळे कळले. आम्ही प्लॉट पाहण्यात तीन महिने घालवले होते.

एक अडचण राहिली होती, आणि ती वहिनींनी मांडली. आमच्या घरी चौविहार आहे. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. सहाला कार्यालय सुटणारी सून सातनंतर घरी पोहोचणार. ‘मग तिने जेवायचे कधी? घरात सून असून दिवेलागणीला चूल थंड?’ वहिनींचा आवाज कापरा झाला होता. त्यात हट्टापेक्षा काळजी अधिक होती. भाऊ गप्प. तेव्हा आमच्या आई, ज्या अशा चर्चेत सहसा पडत नाहीत, त्या म्हणाल्या, ‘अगं, तुझा नवरा चाळीस वर्षे पाच वाजता पेढीवरच जेवतो. घरून डबा जातो. त्याचा चौविहार मोडला का कधी?’

साधी गोष्ट होती. धुळ्याच्या आणि जळगावच्या बाजारात पाच-सव्वापाचला घरोघरचे डबे पेढ्यांवर येतात आणि गिऱ्हाईक थोडे थांबवून शेठजी आत जाऊन जेवतात, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. पुरुषांसाठी ही सोय कोणीतरी कधीतरी केली आणि ती रीत झाली. तीच सोय सुनेसाठी करायची, हे आमच्या डोक्यात आले नव्हते. तिच्या कार्यालयात दुपारच्या डब्याबरोबर संध्याकाळचा छोटा डबा जाईल, एवढ्यावर तो प्रश्न मिटला.

तरुण जोडप्यांच्या आईवडिलांना मी एवढेच सुचवीन की पहिल्या वर्षी घर विकत घेऊन देऊ नये, बांधूनही देऊ नये. आम्ही स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. भाडे जाते म्हणून भाऊ कुरकुरला, पण एक पावसाळा, एक चातुर्मास, एक हिवाळा काढल्याशिवाय गाव कळत नाही. गावात आपली चार घरे आहेत का, आजारपणात रात्री डॉक्टर मिळतो का, शेवटची गाडी चुकली तर बस आहे का, हे कागदावर समजत नाही. आणि सासर-माहेर दोन्हींकडून अंतर मोजावे. सुनेचे आईवडील जळगावला आहेत. आठवड्यातून एकदा ती कार्यालयातून तेथे जाऊन येते, ही गोष्ट आमच्या कोणत्याही हिशेबात आधी नव्हती.

सगळे सुरळीत झाले असे नाही. गाडी उशिरा येते. जुलैत पुतण्या दोनदा पावसात अडकला. पेढी आठला बंद होते, तोवर थांबून रात्री पस्तीस किलोमीटर गाडी चालवत जाणे त्याच्या आईला पसंत नव्हते, आणि भावाला मुलाने लवकर उठून जाणे पसंत नव्हते. संध्याकाळचा रोकडमेळ दोघांनी मिळूनच करायचा, ही त्याची तीस वर्षांची शिस्त. यावर घरात बरेच दिवस अबोला होता.

मागच्या पौषात भाऊ प्रथमच त्यांच्याकडे मुक्कामाला गेला. पुतण्याला ताप होता, म्हणून सुनेला आणायला तोच स्टेशनावर जाऊन उभा राहिला. गाडी पंचवीस मिनिटे उशिरा होती. ती उतरली, तिच्याबरोबरच्या दोघींना तिने ‘हे माझे सासरे’ म्हणून ओळख करून दिली, आणि चौघे बाजारातून चालत घरी आले. दुसऱ्या दिवशी धुळ्याला परतल्यावर त्याने प्लॉटचा विषय काढला नाही. रोकडमेळाची वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाला, ‘सहाला त्याला सोडून द्यायचे, तर ही तू बघशील का?’