गोष्टीला पोच हवी

बारामतीत कऱ्हेकाठी राहून मोरोपंतांनी रामाची गोष्ट किती वेळा सांगितली? परंपरा म्हणते, १०८ वेळा! त्यांतले ‘निरोष्ठ रामायण’ ओठ न मिटता म्हणायचे. प, फ, ब, भ, म वर्ज्य. ‘म’ नाही म्हटल्यावर ‘राम’ तरी कुठून येणार? तरीही पंतांनी कथा तडीस नेली. गोष्ट वाल्मीकींची, पात्रे घराघरांतली. नवी होती ती सांगण्याची तऱ्हा.

पंत (१७२९–१७९४) बाबूजी नाइकांच्या आश्रयाला होते, पुराण सांगत. पुराणिकाला श्रोते समोर दिसतात. कुणाची मान डोलते, कुणाला जांभई येते. पोच जागच्या जागी!

आजही मुले आवडत्या पात्रांच्या नव्या गोष्टी लिहितात. इंदापूरच्या एका सातवीतल्या मुलीने भा. रा. भागवतांचा फुरसुंगीकर फास्टर फेणे थेट उजनीच्या पाण्यावर आणला. पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते; तिथे म्हणे चोरांचा अड्डा! वही नातेवाइकांत, शेजारीपाजारी फिरली. मग तिचे लिहिणे थांबले. मी कारण विचारले.

“सगळे ‘छान’ म्हणाले, आजोबा. म्हणजे कुणी वाचलंच नाही.”

मी वही घरी आणली आणि समासात लिहिले, ‘फेणे रात्री देवळात शिरला, पण बॅटरी तर होडीतच राहिली होती. मग त्याला दिसलं कसं?’ चौथ्या दिवशी उत्तर आले, दीड पानांचे. पुढचे प्रकरणही सुरू झाले होते.

बँकेत पैसे भरणारा माणूस शिक्का मारलेले स्थळप्रत हातात पडल्याशिवाय खिडकी सोडत नाही. लिहिणाऱ्याचेही तसेच. ‘छान’ हा शिक्का नव्हे, आणि मोबाईलवरचा अंगठा तर नव्हेच. कुठे थांबलात, कुठे हसलात, फेणे फेण्यासारखा बोलतो का, पुढे काय व्हावेसे वाटते, यांतले एक तरी सांगा. चूक दाखवायची तर प्रश्न विचारून दाखवा. ‘दुसऱ्याचे पात्र कशाला घेतलेस?’ एवढे मात्र विचारू नका. तो प्रश्न पंतांनाही विचारावा लागेल!

आपल्या घरातही अशी एखादी वही असेल. आज रविवार आहे. ती मागून घ्या. सोबत पेन्सिलही घ्या.