'टाइमपास' म्हणजे नक्की काय? लुडो आणि खेळाडूंचे चार प्रकार

जुलैमधलं महाबळेश्वर ज्यांनी पाहिलंय, त्यांना वेगळं सांगायला नको. दिवसभर पाऊस आणि धुकं, दुकानांवर बांधलेला प्लॅस्टिकचा कागद, आणि पर्यटक जवळपास नाहीतच. अशाच एका संध्याकाळी आमच्या घरी चौघं जण मोबाइलवर 'लुडो किंग' खेळत होते. मी माझ्या पीएचडीच्या प्रश्नावलीचा कच्चा मसुदा घेऊन शेजारी बसले. म्हटलं, आधी घरच्यांवरच करून बघू. पहिला प्रश्न होता, "तुम्ही मोबाइल गेम का खेळता?"

चौघांचं उत्तर एकच: "टाइमपास."

महिनाभर खपून केलेला प्रश्न पाच मिनिटांत बाद! पण नंतर त्यांचा डाव बघत बसले, तेव्हा लक्षात आलं की उत्तर एक असलं तरी वागणं चार तऱ्हेचं आहे.

एखाद्याची सोंगटी अगदी घराच्या दारात मारली गेली की काय होतं, तेवढंच बघा. दादा लगेच हिशोब करतो, "आता लेव्हल कधी वाढणार?" चुलत बहीण म्हणते, "थांबा, फासा खरंच कसाही पडतो का ते मी मोजतेय." काकू हसरा इमोजी टाकते आणि गप्पा पुढे चालू ठेवते. आणि काका? स्वतःची सोंगटी घरात न्यायची सोडून दुसऱ्याची मारण्यातच त्यांना खरा आनंद.

हे चार प्रकार संशोधनात जुने आहेत. रिचर्ड बार्टल यांनी १९९६ साली ते मांडले: ध्येय गाठणारे, शोध घेणारे, माणसांत रमणारे आणि इतरांवर कुरघोडी करणारे. त्यामागे दोन अक्ष आहेत. तुमचं लक्ष खेळाच्या जगाकडे आहे की इतर खेळाडूंकडे? आणि तुम्हाला त्यावर काही क्रिया करायची आहे की त्याच्याशी संवाद साधायचा आहे? दोन अक्ष छेदले की चार चौकटी मिळतात. सोपं आहे, म्हणून लोकप्रियही आहे.

आता खरी अडचण. बार्टल यांचे खेळाडू 'मड' खेळत होते, म्हणजे फक्त मजकुरावर चालणारे, अनेकांनी एकत्र खेळायचे खेळ. तिथे अख्खं जग फिरायला मोकळं असायचं. लुडोच्या पटावर सगळ्यांच्या वाटेची घरं फक्त ५२, आणि चाल फाशाच्या हातात. कॅज्युअल गेम म्हणजे शिकायला सोपा, थोड्या वेळात संपणारा, मध्येच सोडता येणारा खेळ. अशा खेळात शोध घेणाऱ्याला शोधायला फारसं काही उरतच नाही. म्हणून तो सगळ्यात आधी कंटाळेल, असा माझा अंदाज आहे. माणसांत रमणाऱ्याला मात्र खेळ साधा असला तरी चालतं, कारण त्याच्यासाठी खेळ हे निमित्त असतं. नवी मुंबईत तयार झालेला 'लुडो किंग' २०१६ साली आला, पण २०२० च्या लॉकडाउनमध्ये तो घराघरांत पोचला. लांबच्या नातेवाइकांना रूम कोड पाठवून एकाच डावात बसता येतं, हे त्यामागचं एक कारण असावं असं मला वाटतं.

एवढ्यावर थांबले असते तर माझी दुसरी प्रश्नावलीही चुकली असती. कारण दुसऱ्या दिवशी काका दुकानात एकटेच कॉम्प्युटरविरुद्ध खेळत होते. शांतपणे, सोंगटी मारायची घाई नाही. मी विचारलं तर म्हणाले, "याची मारून काय उपयोग? हा चिडतच नाही."

म्हणजे 'कुरघोडी करणारा' हा काकांचा स्वभाव नव्हता, तो त्या बैठकीपुरता होता!

निक यी यांच्या २००६ च्या अभ्यासाचा इथे उपयोग होतो. त्यांनी ऑनलाइन खेळणाऱ्या सुमारे ३००० जणांची उत्तरं घटक विश्लेषणाने तपासली. त्यातून दहा प्रेरणा निघाल्या आणि त्यांचे तीन गट पडले: यश, सामाजिकता आणि रमून जाणं. मुख्य मुद्दा असा की एक प्रेरणा जास्त असली म्हणजे दुसरी कमीच असेल असं नाही. त्यामुळे माणसाला एका चौकटीत कोंबण्यापेक्षा प्रत्येक प्रेरणेवर त्याला गुण देणं जास्त प्रामाणिक ठरतं.

तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर यातून तीन गोष्टी घ्या:

१. 'का खेळता?' असं थेट विचारू नका. 'शेवटच्या डावात सोंगटी मारली गेली तेव्हा काय केलंत?' असं विचारा. घडलेली गोष्ट सांगणं सोपं जातं.

२. कुणाबरोबर, कुठे, किती वेळ खेळलात, हे प्रत्येक वेळी नोंदवा. तुमचं एकक माणूस आहे की एक बैठक, हे आधी ठरवा.

३. दुसऱ्या खेळासाठी केलेलं वर्गीकरण उचलताना ते कुठल्या खेळाडूंवरून आलं, ते मूळ लेखात जाऊन वाचा.

आणि हो, माझ्या घरची ही नोंद म्हणजे डेटा नव्हे. चार नातेवाइकांवरून निष्कर्ष काढता येत नाही, फार तर चांगला प्रश्न सापडतो. मला तो सापडला. आता प्रश्नावली नव्याने लिहायला घेतलीय, आणि त्यात 'टाइमपास' हा पर्याय मुद्दाम ठेवलेला नाही.