चिनी सुया आणि अंगातला थकवा

रांधा, वाढा, उष्टी काढा झाले की असरच्या सुमारास आमच्या शिवाजी पेठेतल्या घराघरांत एकच तक्रार ऐकू येते, "अंगात त्राणच नाही गं." रमजानमध्ये तर सेहरी ते तरावीह हा दिवस सरता सरत नाही. हल्ली यावर अ‍ॅक्युपंक्चरचा, म्हणजे चिनी सुयांचा सल्ला मिळतो. अम्मीला न्यावे का, असे भगिनी आम्हाला विचारतात.

ही विद्या वाटते तितकी परकी नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांची कहाणी ख्वाजा अहमद अब्बास यांनी लिहिली आणि आपल्या कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये पडद्यावर आणली. त्याच पथकातले डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन सुयांचे उपचार शिकून आले आणि त्यांनी ते कोलकात्यात सुरू केले.

चिनी वैद्य म्हणतात, शरीरात 'ची' नावाची शक्ती ठरावीक वाटांनी वाहते. ती अडली की माणूस थकतो. म्हणून बारीक सुया ठरावीक बिंदूंवर टोचून वीस-तीस मिनिटे ठेवतात. या वाटा शरीर उघडून पाहणाऱ्यांना कधी दिसलेल्या नाहीत. तरी ब्रिटनमध्ये स्तनाच्या कॅन्सरनंतर थकवा राहिलेल्या ३०२ रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सहा आठवडे सुया घेतलेल्यांना बराच आराम पडला. मात्र खोट्या सुयांशी तुलना केलेली नव्हती. गुण सुईचा किती आणि निवांत पडून राहण्याचा किती, कोण सांगणार? अर्धा तास कुणी हाक न मारता आडवे व्हायला मिळणे, हेच आपल्या बायकांना मोठे औषध आहे!

पण आधी रक्त तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, थायरॉइड किंवा साखर बिघडली असेल, तर सुया कितीही टोचा, मूळ दुखणे आत वाढतच राहते. सी.पी.आर.सारख्या सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते.

त्यानंतर जायचेच तर महाराष्ट्र अ‍ॅक्युपंक्चर परिषदेची नोंदणी असलेल्याकडेच जावे. सुई आपल्यासमोर बंद पाकिटातून काढलेली हवी. गरोदरपण किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगावे. बरेचसे बिंदू हातापायांवर असतात, स्त्री उपचारकही मिळतात. पर्द्याची अडचण फारशी येत नाही.

चिनी औषधांबाबत मात्र आम्ही कडक आहोत. थकव्यावर आणि रक्तवाढीसाठी चीनमध्ये फार खपणारे 'अजियाओ' गाढवाचे कातडे उकळून बनवतात, आणि पाळीव गाढव आपल्याकडे हराम. काही चिनी वनस्पतींनी मूत्रपिंडे निकामी झाल्याचे बेल्जियममध्ये १९९० च्या दशकात दिसले आहे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या सुया घेतानाही चालू ठेवाव्यात, आणि चहाबरोबर नव्हे, लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात.