मज्जातंतूवर घाव कोठें बसतो?

२०२५ च्या जानेवारींत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरांत अनेकांचे हातपाय एकाएकीं लुळे पडूं लागले. हा रोग म्हणजे गियाँ-बारे, वृत्तपत्रांतील ‘जीबीएस’. १९१६ सालीं फ्रेंच डॉक्टरांनीं दोन सैनिकांवरून त्याचें वर्णन केलें होतें. पुण्यांतील कांहीं रुग्णांच्या मलांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हे जंतु सांपडले. आंतड्यांतील जंतूंनीं पाय कसे लुळे पडावेत?

उत्तर मज्जातंतूच्या रचनेंत आहे. तंतूवर मेदाचें वेष्टण असतें, पण तें सलग नसतें. ठराविक अंतरावर तंतु उघडा पडतो. या ठिकाणांना रान्व्हिएचे सांधे म्हणतात. संदेश त्यांवरून उड्या घेत पुढें जातो. तेथें जीएम-१ नांवाचा शर्करायुक्त मेद असतो, आणि त्या जंतूच्या आवरणाचा अंश कधीं कधीं हुबेहूब तसाच असतो. म्हणून जंतूविरुद्ध निर्माण झालेलीं प्रतिद्रव्यें रोगाच्या एका प्रकारांत शरीराच्याच तंतूवर चालून जातात.

दुसऱ्या एका, बहुधा दीर्घकाळ चालणाऱ्या विकारांत, घाव सांध्यालगत बसतो. वेष्टण तंतूला जखडून ठेवणारीं न्यूरोफॅसिन-१५५ वा कॉन्टॅक्टिन-१ हीं प्रथिनें तेथें लक्ष्य होतात व जणुं टांकाच उसवतो. येथें इम्युनोग्लोब्युलिनचा गुण पुष्कळदां येत नाहीं. रिटुक्झिमॅब उपयोगी पडतें. घावाचें स्थान कळलें तरच औषध नेमकें ठरतें.

बहुतेक रुग्ण हळूहळू सावरतात. परंतु श्वासाचे स्नायु दुर्बळ झाल्यास जिवावर बेततें. जुलाबानंतर पायांतील बळ ओसरूं लागल्यास घरच्या मंडळींनीं वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.