मोसंबीचे आजोळ

भाद्रपद जवळ आला की बाजारात पपनसे दिसू लागतात. नारळाएवढे थोराड फळ, हिरवट पिवळे. एखादे गणपतीपुढे विराजमान होते आणि विसर्जनानंतर टोपलीत पडून राहते. सोलायचा कंटाळा! बोटभर जाड साल काढा, मग प्रत्येक फोडीवरचा कडवट पापुद्रा.

या उपेक्षित फळाचे घराणे मात्र मोठे आहे. मूळचे ते आग्नेय आशियातले. महाळुंग, मँडरिन संत्रे आणि पपनस या अस्सल मूळ जाती. बाजारातली बहुतेक लिंबूवर्गीय फळे अशाच जातींच्या संकरांतून झाली. मोसंबी ज्या गोड संत्र्यांपैकी, त्यांत पपनस व मँडरिन दोघांचाही अंश आहे. पेशीतल्या हरितकणांचा डीएनए आईकडून येतो; गोड संत्र्यात तो पपनसाचा निघाला. म्हणजे मोसंबीचे आजोळ पपनसाकडे. पुढे अठराव्या शतकात बार्बाडोस बेटावर पपनस आणि गोड संत्रे यांचा पुन्हा संकर होऊन ग्रेपफ्रूट जन्मले. ते पपनसाचे लेकरूही आणि वंशजाचे लेकरूही! बँकेत असताना वारसाच्या अर्जात असले नाते आले असते, तर मी तो शेरा मारून परत पाठवला असता.

संत्र्या-मोसंबीच्या एका बीत बहुधा अनेक भ्रूण असतात. त्यांतले बरेचसे आईची हुबेहूब नक्कल. पपनसाच्या बीत भ्रूण एकच, आणि बहुतेक पपनसांना स्वतःचा पराग चालत नाही; दुसऱ्या झाडाचा लागतो. साहजिकच बीपासूनचे प्रत्येक झाड नवे.

हे मला उशिरा कळले. आमच्या परसात आईने बी टोचून वाढवलेले पपनस होते. गुलाबी गराचे, रसाळ, कडवटपणा नावालाच. 2009 साली मागे खोली वाढवताना मी ते तोडायला लावले. जन्मभर मालमत्तेची मूल्यांकने तपासलेला माणूस मी. झाडाचा रकाना कोराच ठेवला. आई काही बोलली नाही. शेवटच्या फळातल्या बिया तेवढ्या तिने पुसून कागदात बांधल्या.

त्यांतली दोन रोपे जगली. आठ-नऊ वर्षांनी फळे धरली. एकाचा गर पांढरा, आंबट. दुसऱ्याचा गुलाबी, पण घोटभरही रस नाही. आईने दोन्ही चाखली आणि म्हणाली, ''हे ते नव्हे.''

मग एका माळ्याने मला गुटी बांधून दाखवली. फांदीची साल बोटभर गोल सोलायची, ओले शेवाळ गुंडाळायचे, वर प्लास्टिक, दोन्ही टोकांना सुतळी. पंधरा मिनिटे लागली.